‘सगळी इस्टेट शाळेला’: सांगलीतल्या एका दानाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचे नाही. सांगली-साताऱ्यात दानासाठी मृत्युपत्र करताना जे प्रश्न वरचेवर समोर येतात, ते एका मांडणीत आणण्यासाठी ते बांधले आहे. माणसे आणि रकमा मांडणीपुरत्या आहेत, कायदा आणि कागद मात्र खरे आहेत.

बाई ७४ वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. पती २०११ मध्ये गेले, मूलबाळ नाही. सांगलीच्या गावभागात १९८८ साली स्वतःच्या पगारातून घेतलेले दुमजली घर. तासगाव तालुक्यात पतीकडून वारसाने आलेली १ एकर २४ गुंठे जमीन. ती दिवंगत दिरांची दोन मुले वाट्याने कसतात. वाईला वडिलांच्या घरात भावाबरोबर निम्मा हिस्सा. ठेवी ३८ लाखांच्या: राष्ट्रीयीकृत बँकेत २२, सहकारी बँकेत ७, पतसंस्थेत ९. सोने १४ तोळे. घरात १६ वर्षे सोबत करणाऱ्या मावशी, वय ५८, त्यांना दुसरे घर नाही.

बाईंनी स्वतःच्या हाताने ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवले होते: “माझ्या पश्चात माझी सर्व स्थावर-जंगम मालमत्ता माझ्या शाळेला द्यावी. मुलींसाठी अभ्यासिका व्हावी.” खाली सही, एक साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का.

हा कागद मृत्युपत्र म्हणून टिकला नसता. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. त्या दोघांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही सही माझी’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्याच्यासमोर स्वतःही सही केलेली असावी. नोटरीचा शिक्का दुसऱ्या साक्षीदाराची जागा आपोआप घेत नाही. स्टॅम्पपेपरची तर गरजच नव्हती. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, कोऱ्या कागदावरही ते चालते. सांगलीत ‘स्टॅम्प आणि नोटरी झाली की पक्के’ हा समज इतका घट्ट आहे की त्यापायी साक्षीदारांकडे कुणाचे लक्षच जात नाही.

मृत्युपत्र टिकले नाही तर काय होते, हे बाईंना आधी समजावून सांगावे लागले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ नुसार निपुत्रिक विधवेला पतीकडून वारसाने आलेली मालमत्ता पतीच्या वारसांकडे जाते आणि आईवडिलांकडून आलेली वडिलांच्या वारसांकडे. स्वतःच्या कमाईचे घर आणि ठेवीसुद्धा आधी पतीच्याच वारसांकडे जातात. सख्खा भाऊ त्यांच्या मागे राहतो. म्हणजे चाळीस वर्षे शाळेत राबून जमवलेले सगळे पुतण्यांना मिळाले असते, शाळेला आणि मावशींना काहीच नाही. बाईंना याचाच धक्का सर्वांत मोठा बसला. पुतणे वाईट आहेत असे त्यांचे म्हणणे नव्हते. ज्याचे नाव त्यांनी कधी घेतले नाही त्याच्याकडे सगळे जाणार आणि जिचे नाव रोज घेतात ती रस्त्यावर येणार, हे त्यांना सहन होईना.

‘शाळा’ म्हणजे कोण?

शाळा ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता धारण करणारी व्यक्ती नाही. मालक असते ती शाळा चालवणारी संस्था. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर जिल्हा परिषद. बाईंची शाळा एका शिक्षण संस्थेच्या सात शाळांपैकी एक. ‘माझ्या शाळेला’ असे लिहिल्यावर पैसा संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात गेला असता आणि तिथून कुठे, ते सांगता आले नसते. नाव थोडे चुकले म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही, पण नक्की कुणाला द्यायचे यावर वर्षे जातात. म्हणून संस्थेचे पूर्ण नोंदलेले नाव, सार्वजनिक न्यास नोंदणी क्रमांक आणि नोंदलेला पत्ता हे तिन्ही मृत्युपत्रात हवेत.

हे सांगलीच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून मिळणाऱ्या परिशिष्ट एकच्या (न्यासाच्या सरकारी नोंदीच्या) उताऱ्यावर दिसते. तो उतारा काढल्यावर एक गोष्ट कळली: नोंदीवरच्या नऊ विश्वस्तांपैकी तिघे हयात नाहीत आणि नवीन विश्वस्तांचे बदल अर्ज प्रलंबित आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचा असतो. उशिरा दाखल झालेले किंवा हरकत आलेले बदल अर्ज फार ठिकाणी पडून असतात. त्यामुळे संस्था वाईट ठरत नाही. पण दान स्वीकारायला ठराव करणारे लोक नोंदीवर नसतील तर घर कुणाच्या सहीने घ्यायचे, हा प्रश्न उद्या उभा राहतो. बाईंनी संस्थेला लेखी कळवले की बदल अर्ज मार्गी लागल्याचा आदेश दाखवल्याशिवाय घराचे कलम लिहिणार नाही. संस्थेने आठ महिन्यांत ते काम केले. देणाऱ्याने एवढा आग्रह धरायला हरकत नाही. उलट त्याने संस्थेचेच भले होते. सोबत तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवालही मागवले आणि त्यांतला कायम निधी (ज्याचे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचे) वर्षागणिक घटतो का, हे पाहिले.

पतीच्या नावाने स्वतःचा नवा ट्रस्ट काढावा, अशी बाईंची पहिली इच्छा होती. ती आम्ही मोडून काढली, आणि त्यामागचा हिशेब असा. ३० लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १ लाख ९५ हजार व्याज. महागाईपोटी त्यातला पाचवा भाग मुद्दलात परत टाकला तर उरतात १ लाख ५६ हजार. त्यात १३ हजारांच्या १२ शिष्यवृत्त्या बसतात. स्वतंत्र ट्रस्टमध्ये याच रकमेतून लेखापरीक्षण, हिशेबनीस, विवरणपत्रे, बदल अर्ज यांचा खर्च निघतो, आणि पंधरा वर्षांनी विश्वस्त कुठून आणायचे हा प्रश्न राहतोच. शिवाय मृत्युपत्रातून नवा सार्वजनिक न्यास निर्माण होत असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे व्यवस्थापकाने (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याने) प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यांत जे आधी येईल त्या मुदतीत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. ही मुदत दुःखात आणि धावपळीत हमखास चुकते. चालत्या संस्थेत पतीच्या नावाचा कायम निधी ठेवला की नाव राहते आणि ओझे जाते.

जमीन: इथेच सगळे अडते

सांगली जिल्ह्यात दानाची अर्धी प्रकरणे शेतजमिनीशी अडखळतात, म्हणून इथे जरा थांबावे लागेल.

सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद होती: कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. सासरे कूळ होते, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने मालक झाले, ३२-म चे (कुळाने जमीन खरेदी केल्याचे) प्रमाणपत्र मिळाले. अशी जमीन संस्थेला देण्याच्या आड दोन गोष्टी येतात. एक, महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ ने शेतकरी नसलेल्याकडे शेतजमिनीचे हस्तांतर रोखले आहे आणि संस्था शेतकरी नाही. दोन, कलम ४३ चे बंधन. ‘विक्री नाही, बक्षीस नाही, पण मृत्युपत्राने देता येते’ ही पळवाट वर्षानुवर्षे सांगितली गेली. त्याच कायद्याच्या गुजरातमधल्या तरतुदींवर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शेतकरी नसलेल्याला मृत्युपत्राने जमीन देणेही या बंधनात येते. महाराष्ट्रातली मूळ कलमे तीच आहेत. त्यामुळे जमीन संस्थेच्या नावे लिहिली असती तर फेरफार नामंजूर होणे हा सर्वांत सौम्य परिणाम झाला असता.

मार्ग दोन होते. जमीन मृत्युपत्राने पुतण्यांना द्यायची आणि त्यांनी ठरावीक रक्कम संस्थेला द्यावी अशी अट घालायची. किंवा हयातीतच जमीन शेतकऱ्याला विकून रक्कम मोकळी करायची. पहिल्या मार्गात वसुलीचे काम संस्थेच्या गळ्यात पडते, आणि संस्थेने दाव्यासाठी गावात पाऊल टाकले की शाळेबद्दलची आपुलकीही संपते. दुसरा निवडला. गिऱ्हाईक म्हणून पुतणेच योग्य होते: ते शेतकरी आहेत, बांध त्यांचा आहे, आणि काकूंनी जमीन बाहेरच्याला दिली नाही म्हटल्यावर बाकीच्या मृत्युपत्राला हरकत घेण्याची इच्छाही मावळते. दर सरकारी मूल्यदराचा धरला, २४ लाख.

कलम ४३ ची अडचण वाटते तेवढी मोठी निघाली नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाने जमीन खरेदी केल्याला दहा वर्षे होऊन गेली असतील तर आकाराच्या (सातबाऱ्यावरील जमीन महसुलाच्या) ४० पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय विक्री करता येते. इथे आकार होता ३ रुपये २५ पैसे. चाळीस पट म्हणजे १३० रुपये. एवढ्या रकमेसाठी लोक दहा-दहा वर्षे जमीन अडकवून ठेवतात. मात्र चलन भरल्याचा पुरावा आणि तहसील कार्यालयाचे पत्र खरेदीखताला जोडावेच लागते, आणि घेणारा शेतकरी असला पाहिजे ही अट कायम आहे. पूर्ण गट विकल्यामुळे तुकडेबंदीचा प्रश्न आला नाही. अर्धी विकायची असती तर जिरायताला २० आणि बागायताला १० गुंठ्यांचे प्रमाणभूत क्षेत्र पाहावे लागले असते.

प्राप्तिकराच्या दृष्टीने जमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून किती दूर, हे मोजावे लागते. १० हजार ते १ लाख लोकवस्तीच्या शहरापासून हवाई अंतराने २ किलोमीटरच्या बाहेरची शेतजमीन भांडवली मालमत्ता मानली जात नाही. ही जमीन तासगावपासून ११ किलोमीटरवर; भांडवली नफ्याचा कर शून्य. पैसे सगळे बँकेतून. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावरची रक्कम रोखीने घेतली तर तेवढाच दंड बसतो.

घर आणि पुराचे पाणी

गावभागातले घर म्हटले की कृष्णा आलीच. २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोका पातळी. ती ओलांडली की या भागाकडे सगळ्यांच्या नजरा लागतात. २०१९ मध्ये तळमजल्याच्या कपाटातले १९८८ चे खरेदीखत भिजून लगदा झाले होते. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल आणि सूची क्रमांक २ (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) काढली. मिळकत पत्रिका पाहिली तर तिच्यावर अजून १९८८ च्या विक्रेत्याचेच नाव! घरपट्टी बाईंच्या नावे, म्हणून ३५ वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही. नगर भूमापन कार्यालयात अर्ज देऊन बाईंच्या हयातीत नाव लावून घेतले. हे राहून गेले असते तर संस्थेला विक्रेत्याचे वारस शोधत फिरावे लागले असते.

घर हयातीत बक्षीसपत्राने द्यायचे की मृत्युपत्राने, यावर बराच खल झाला. बक्षीसपत्र नोंदणीकृत असावे लागते, दोन साक्षीदार लागतात, संस्थेने देणारा हयात असताना स्वीकार करावा लागतो आणि मुद्रांक शुल्क पडते. हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून बक्षीस देता येते, पण एकदा दिले की मन बदलून परत घेता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते. विश्वस्त मंडळे बदलतात, भांडणे होतात. राहते घर न परतणाऱ्या कागदाने देऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. करसवलतीचा मोहही इथे नको. ८०-जी म्हणून ओळखली जाणारी सवलत फक्त पैशाच्या दानाला आहे, घराला किंवा सोन्याला नाही, आणि जुन्या करपद्धतीतच आहे. बाईंचे पेन्शन आणि व्याज मिळून वर्षाला साडेदहा लाख. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत त्यांना करच नाही. म्हणजे सवलतीचा उपयोग शून्य.

उद्देशाच्या ओळीत जुन्या कागदाने मोठा घोटाळा केला असता. ‘अभ्यासिका व्हावी’ एवढेच लिहिले आणि वीस वर्षांनी गावभागात अभ्यासिकेला मुलीच येईनाशा झाल्या, किंवा पुराने इमारत निकामी झाली, तर उद्देश बदलायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५५ खाली न्यायालयापर्यंत जावे लागते. आणि घर विकायचे तर त्याच अधिनियमाच्या कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागतेच. म्हणून असे लिहिले:

“सदर घर वरील संस्थेस देत आहे. वरच्या मजल्यावर मुलींसाठी विनामूल्य अभ्यासिका चालवावी. ते शक्य वा उपयुक्त न राहिल्यास संस्थेने धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीने घर विकून येणारी संपूर्ण रक्कम मुलींच्या शिक्षणासाठीच्या कायम निधीत ठेवावी. संस्थेने माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत लेखी स्वीकार न केल्यास घर विकून ती रक्कम परिशिष्टातील दुसऱ्या संस्थेस त्याच उद्देशासाठी द्यावी.”

घर पूररेषेत येते का, हे महापालिकेच्या नगररचना विभागातून आधीच विचारून घेतले, कारण संस्थेच्या सचिवांच्या मनात जुने पाडून तीन मजली बांधायचे होते.

मावशींना तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्यांत हयातीपर्यंत राहण्याचा हक्क दिला. तो कुणाला विकता वा भाड्याने देता येणार नाही. घरपट्टी आणि मोठी दुरुस्ती संस्थेकडे, वीजबिल मावशींकडे. आणि एक ओळ बाईंनी स्वतः घालायला लावली: पुराच्या काळात मावशींना सामानासह वरच्या मजल्यावर राहता येईल. गावभागात राहिलेल्यालाच ही ओळ सुचते.

वाईच्या अविभाजित हिश्श्यावर वेळ घालवला नाही. असा हिस्सा संस्थेला देणे म्हणजे वाटपाचा दावा भेट देणे. तो भाचीला लिहिला, सोनेही तिलाच.

ठेवी

पतसंस्थेतल्या ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण नाही. सहकारी बँकेत ते आहे, पण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच. पतसंस्थेतले ९ लाख मुदत संपेल तसे काढून घेतले, सहकारी बँकेतले वरचे २ लाखही हलवले.

बँकेत संस्थेचे नाव नॉमिनी म्हणून लावायला गेल्यावर नकार मिळाला, आणि तो बरोबर होता. ठेवीला नॉमिनी व्यक्तीच असावी लागते. नॉमिनी मालक होत नाही, तो फक्त रक्कम स्वीकारतो आणि मृत्युपत्राप्रमाणे पुढे देतो. म्हणून सर्व खात्यांना भाचीला नॉमिनी केले आणि मृत्युपत्राची व्यवस्थापकही तिलाच. ती न राहिल्यास किंवा तिने नकार दिल्यास सनदी लेखापाल. पंचेचाळिशीतली व्यक्ती निवडली, कारण बाईंनी आधी सुचवलेले सहकारी शिक्षक स्वतःच ७१ वर्षांचे होते.

पहिल्या कच्च्या मसुद्यात ठेवींचे पावती क्रमांक घातले होते. ते काढायला लावले. ठेव नूतनीकरणाला गेली की क्रमांक बदलतो, आणि ‘मृत्युपत्रातली ठेव अस्तित्वातच नाही’ असा वाद घालता येतो. त्याऐवजी “या बँकेच्या सांगलीतील शाखांमध्ये माझ्या मृत्यूसमयी माझ्या नावे असलेली सर्व रक्कम” असे लिहिले. आजारपणात किती खर्च होईल ते कुणाला माहीत नसते, म्हणून देण्याचा क्रम ठरवला: आधी दवाखान्याची आणि इतर देणी, मग मावशींना ३ लाख, मग घराच्या दुरुस्तीसाठी ६ लाख, आणि उरेल ते सर्व कायम निधीला. क्रम न लावता सगळ्यांना ठरावीक आकडे दिले की पैसे कमी पडल्यावर मावशींचाही वाटा कापला जातो.

संस्थेला ५ लाख मात्र लगेच दिले. लेखी करारासह, स्वतंत्र निधी म्हणून, दरवर्षी जूनमध्ये हिशेब देण्याच्या अटीवर. दोन जून पाहायचे आणि मग मोठ्या रकमेचे कलम कायम ठेवायचे की नाही ते ठरवायचे, असा त्यामागचा विचार.

सही

मसुदा बाईंच्या वकिलांनी केला, संस्थेच्या नव्हे. ज्याला लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला तर न्यायालय ते संशयाने पाहते. म्हणून संस्थेच्या सचिवांनी गाडी देऊ केली तेव्हा नम्रपणे नाही म्हटले. साक्षीदार दोन: फॅमिली डॉक्टर आणि शेजारच्या, पस्तिशीच्या शिक्षिका. पुढे वाद झाला तर किमान एका साक्षीदाराची साक्ष लागते, त्यामुळे एक तरी साक्षीदार वयाने लहान हवा. डॉक्टरांनी त्याच दिवशीचे मानसिक सक्षमतेचे प्रमाणपत्र दिले. पुतण्यांना आणि भावाला काय दिले, का दिले नाही, हे दोन वाक्यांत मृत्युपत्रातच नोंदवले. नोंदणी ऐच्छिक आहे, फी १०० रुपये. केली, कारण पुन्हा पाणी आले तरी सरकारी दप्तरात प्रत राहते. प्रोबेटची सक्ती नव्हती.

बाईंच्या पश्चात भाचीने करायच्या कामांचे एक पान मृत्युपत्राबरोबर आहे: मृत्यूचे दाखले दहा प्रती, बँकांना पत्रे, नगर भूमापन कार्यालयात मृत्युपत्राच्या आधारे नोंदीचा अर्ज, संस्थेला स्वीकाराचे पत्र, आणि घर न्यासाच्या मालमत्तेत आल्याचा बदल अर्ज संस्थेने ९० दिवसांत दाखल केला का, याची खात्री. तळमजल्याच्या मागच्या खोल्यांना वेगळा वीज मीटर घेण्याचे काम त्या पानावर होते. ते बाईंनी तिथून खोडले आणि महावितरणकडे स्वतःच अर्ज केला.